पाटी ‘पर्यावरणपूरक’, पण विहिरीचे काय?

खोली बघायला आलेल्या बाईंनी आधी विहीर दाखवा म्हटले. वेंगुर्ले तालुक्यातील एका वाडीत गेल्या दिवाळीत घडलेली ही गोष्ट. बाई आणि त्यांचे यजमान पुण्याचे, दोघेही निवृत्त शिक्षक. चार दिवस शांतपणे राहावे, समुद्र बघावा, एवढाच त्यांचा बेत. ज्यांच्याकडे ते आले होते ते एक मध्यम बागायतदार. माडा-पोफळीची थोडी बाग, शंभरेक कलमे, आणि बागेच्या कडेला नव्याने बांधलेली स्लॅबची एक खोली. खोलीत गुळगुळीत टाईल्स, भिंतीला पिस्ता रंग, दारावर पेंटरकडून काढून घेतलेली हिरव्या अक्षरांची पाटी : ‘इको कॉटेज’.

बाईंनी चार प्रश्न विचारले. मे महिन्यात विहिरीला पाणी किती राहते? संडासाची टाकी कोठे आहे? रात्री नुसत्या पंख्यावर झोप लागते का? आणि कचरा कोठे जातो?

‘पाणी बक्कळ आसा, काय चिंता नाय,’ बागायतदार म्हणाले. टाकीचे विचारल्यावर त्यांनी हात वर केला, ‘वरच्या अंगाक, कलमांच्या मुळात.’ बाईंनी एकदा उताराकडे बघितले, एकदा विहिरीकडे बघितले. ‘बघतो, कळवतो’ म्हणून दोघे गेले आणि शेजारच्या वाडीत एका जुन्या कौलारू घरात उतरले.

बागायतदारांना राग आला, आणि तो त्यांनी लपवला नाही. भाडे द्यायचे दोन दिवसांचे आणि उलटतपासणी करायची विहिरीची, हे काय? पण घरातल्या म्हाताऱ्या आईने विषय सोडला नाही. ती म्हणाली, ‘पावणो दोन दीस पितलो नि जातलो. आमी बारा म्हयने पितव.’ मग ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून पाणी तपासायची बाटली आणली. या बाटलीत पाणी भरून ठेवायचे. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर एक-दोन दिवसांत ते काळे पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली काळी झालेली होती.

ही बाटली एका घरातली असली तरी प्रश्न एका घराचा नाही. म्हणूनच तो येथे सविस्तर मांडत आहोत.

पाहुणे आले, खोल्या वाढल्या

सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या आणि आता आतल्या वाड्यांतूनही ‘पाहुण्यांसाठी खोल्या’ उभ्या राहत आहेत. आंब्याचे एक वर्ष साथ देते, एक वर्ष दगा देते. काजूचा भाव आपल्या हातात नाही. अशा वेळी दोन खोल्यांचे भाडे घराला आधार देते, हे खरे आहे आणि त्यात गैर काहीच नाही.

गैर आहे ते बांधण्याच्या रीतीत. शहरातला पाहुणा म्हणजे त्याला शहरासारखीच खोली हवी, अशी आपली समजूत झाली आहे. म्हणून मांगर मोडतो, कर्ज काढतो, स्लॅब टाकतो, एसी बसवतो आणि वर ‘इको’ची पाटी लावतो. प्रत्यक्षात निम्म्या पाहुण्यांना हेच घर सोडून यायचे असते. आणि ज्यांना पर्यावरणाची थोडीफार जाण आहे, ते आता पाटी वाचून थांबत नाहीत, विहीर दाखवा म्हणतात. तेव्हा पर्यावरणपूरक खोली कशी ओळखावी हे पाहुण्याने जितके शिकले पाहिजे, तितकेच ती देणाऱ्यानेही. बाईंचे चार प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत. एकेक घेऊ.

पाण्याचा हिशेब कागदावर करा

कोकणात पाऊस वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये वाडीत टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस पडतो तसा उतारावरून वहाळाला आणि वहाळातून समुद्राला जातो. कातळ आणि जांभा त्याला धरून ठेवत नाहीत. पर्यटनाचा मोठा हंगामही नेमका मे महिन्याचा. म्हणजे विहीर सर्वांत खाली असते तेव्हा माणसे सर्वांत जास्त असतात.

समजा तीन खोल्या आहेत आणि सहा पाहुणे. ग्रामीण नळयोजनेत माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरतात. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरासाठी १३५ लिटर. शहरी सवयीची खोली दिली, शॉवर दिला, मोठ्या टाकीचा फ्लश दिला, तर सहा जणांना दिवसाला ८१० लिटर लागतील. तीस दिवसांचे झाले २४ हजार ३०० लिटर. त्याच जागी अंघोळीला दोन बादल्या, आणि खोल उताराचे, दीड-दोन लिटर पाण्यात साफ होणारे संडासाचे भांडे बसवले, तर माणशी ७० लिटरमध्ये भागते. दिवसाचे ४२०, महिन्याचे १२ हजार ६००. फरक निम्म्याचा आहे, आणि तो शेवटी आपल्या माडांना, गुरांना किंवा शेजाऱ्याच्या विहिरीला मिळतो. कारण जमिनीखाली शेजाऱ्याचे पाणी आणि आपले पाणी असे वेगळे नसते.

आता मिळकतीची बाजू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पाचशे चौरस फुटांचे छप्पर म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. तीन हजार मिलिमीटर पावसात त्यावर एक लाख ३८ हजार लिटर पाणी पडते. गळती, उडणे, पहिल्या पावसाचे घाण पाणी सोडून दिले तरी लाखभर लिटर उरते. हे सगळे साठवता येत नाही, ते खरे. पण दहा हजार लिटरची एक टाकी भरून झाकून ठेवली, तर वरच्या हिशेबाने सहा पाहुण्यांचे तेवीस दिवस निघतात. उरलेले पाणी पन्हाळीतून वाळू-खडीच्या खड्ड्यात सोडून विहिरीच्या वरच्या अंगाला मुरवता येते. पन्हाळ लावायला फार पैसे पडत नाहीत. लागते ती पावसाआधी छप्पर झाडायची सवय.

न्हाणीचे पाणी माडाच्या आळ्यात किंवा केळी-अळूच्या वाफ्यात सोडायची आपली जुनीच रीत. ती नव्या खोलीत मोडू नका. फक्त फरशी पुसायचे तीव्र रसायन आणि संडास धुण्याचे आम्ल त्या पाटात जाणार नाही, एवढे पाहा.

संडास कोठे, विहीर कोठे

चारही प्रश्नांत हा सर्वांत मोठा, आणि नेमका याच बाबतीत गवंड्यावर सगळे सोपवले जाते. गवंडी जागा बघतो ती खोदायला सोपी म्हणून, किंवा पाईप कमी लागतो म्हणून.

साधा नियम असा : शोषखड्डा विहिरीपासून किमान ५० ते ६० फूट दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला. आपल्याकडे याहूनही जास्त अंतर ठेवावे. कारण जांभा सच्छिद्र असतो. त्याला भेगा असतात आणि भेगेतून पाणी न गाळताच पुढे जाते. मातीतून झिरपताना पाणी जसे स्वच्छ होते, तसे भेगेतून होत नाही. सेप्टिक टँक बांधली म्हणजे पाणी शुद्ध झाले, असेही पुष्कळांना वाटते. टाकीत गाळ खाली बसतो आणि थोडा कुजतो, एवढेच. बाहेर पडणारे पाणी जंतूंनी भरलेलेच असते. ते कोठे जाते, हा खरा प्रश्न.

दोन-तीन खोल्यांसाठी दोन शोषखड्ड्यांचा संडास हा सर्वांत सोपा आणि स्वस्त उपाय. एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा. पहिला दीड-दोन वर्षे बंद ठेवला की आत कोरडे, वास नसलेले खत तयार होते. मात्र जेथे पावसाळ्यात खड्ड्यात पाणी उभे राहते, अशा मळ्याच्या सखल जागी हा खड्डा चालत नाही. तेथे जोते उंच घ्यावे लागते किंवा बंदिस्त टाकी घालावी लागते. टाकी घातली तर ती उपसणारी गाडी मैला नेऊन कोठे ओतते, हेही विचारून ठेवा. रात्री वहाळात ओतणार असेल, तर आपली घाण खालच्या वाडीला दिली एवढाच त्याचा अर्थ.

हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. कोकणचे गांधी म्हणून ज्यांना आपण मानतो त्या अप्पासाहेब पटवर्धनांनी (१८९४–१९७१) कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचे खत करणाऱ्या संडासाचे प्रयोग तेथे केले. ‘पर्यावरण’ हा शब्द वर्तमानपत्रात रोज यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्यांचा विचार सरळ होता. घाण लपवायची नाही, तिचे सोने करायचे. आणि ती उपसण्याचे काम एका जातीच्या माथी मारायचे नाही. आपल्याच जिल्ह्यात हे झाले असताना पाहुण्याच्या संडासाचे पाणी आपल्या विहिरीत मुरावे, ही आपल्याला लाज वाटायला लावणारी बाब आहे.

भिंत, छप्पर आणि रात्रीची झोप

‘पावण्यांका एसी होयो’ असे खोली बांधणारा प्रत्येक जण म्हणतो. एसी कोणत्या खोलीला लागतो? ज्या खोलीचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच धग आत सोडतो, त्या खोलीला. दीड टनाचा एसी रात्रीचे आठ तास चालला की साधारण आठ ते बारा युनिट वीज जाते. आधी तापणारी खोली बांधायची आणि मग ती गार करायला बिल भरायचे, हा उफराटा व्यवहार झाला.

चिऱ्याची जाड भिंत, उंच कौलारू छप्पर, समोरासमोर खिडक्या आणि दक्षिण-पश्चिमेला पडवी, एवढे असले की किनाऱ्यालगतच्या खोलीत पंख्यावर झोप लागते. गरम हवा वर चढते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर आला की कडक होतो. म्हणून त्याला गिलावा नसला तरी चालते. नुसत्या दरजा भरल्या की भिंत शोभते आणि सिमेंट वाचते. सिमेंट वाचवणे हीसुद्धा पर्यावरणाचीच गोष्ट आहे. एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

स्लॅब घालायचाच असेल तर लॉरी बेकर यांच्या पद्धती गवंड्याला दाखवा. इंग्लंडात जन्मलेल्या या वास्तुविशारदाने केरळात साध्या माणसांसाठी घरे बांधली. त्यांना १९९० साली पद्मश्री मिळाली, आणि २००७ मध्ये तिरुवनंतपुरमला ते वारले. घर जवळपास मिळणाऱ्या वस्तूंनी बांधावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर पाळला. स्लॅबच्या खालच्या अर्ध्या जाडीत काँक्रीटऐवजी जुनी मंगलोरी कौले बसवायची. वजन कमी, सिमेंट कमी, उष्णता कमी. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी सोडायची. विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात आणि पोकळीमुळे खोली गार राहते.

आता कोणी म्हणेल, कौले घालायला सांगता, पण माकडांचे काय? हा आक्षेप खरा आहे. केलडी आणि वानर छपरावर नाचून कौले फोडतात, दर पावसाळ्याआधी कौले परतायला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही. याच कारणाने गावोगाव कौले उतरून पत्रे चढले. ज्याला पत्र्यावाचून गत्यंतर नाही, त्याने पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्यांचे किंवा फळ्यांचे छत करावे आणि आढ्याजवळ हवा जायला जागा ठेवावी. उघड्या पत्र्याखाली मात्र पाहुण्याला झोपवू नये. लाकडाला वाळवी लागते ही दुसरी तक्रार. त्यावर काजूच्या टरफलांचे तेल लावायची आपली जुनी रीत अजूनही उपयोगी आहे.

जमीन शेणाने सारवलेली ठेवावी का? खोलीत आणि पडवीत जरूर ठेवावी, पण ज्याच्या घरात नियमाने सारवणारे हात आहेत त्यानेच. नाहीतर शहाबादी फरशी बरी. संडास-न्हाणीत सारवण नको, तेथे धुता येईल अशी फरशीच हवी. जुने ते सगळे चांगले, असा आमचा आग्रह नाही.

मांगर मोडण्याआधी

सर्वांत कमी खर्चाची आणि पर्यावरणाला सर्वांत कमी त्रास देणारी खोली म्हणजे आधीच उभी असलेली. बागेतला मांगर, वापरात नसलेली पडवी, मुंबईला गेलेल्या भावाची बंद खोली. चिरा कितीही आपला म्हटला तरी तो डोंगर कापूनच येतो, आणि सोडून दिलेल्या खाणी आपण रोज बघतो. मग निघालेल्या चिऱ्यांचा ढीग रस्त्याकडेला टाकून नवे चिरे आणायचे कशाला? मांगराचे वासे तपासा, कुजलेले तेवढे बदला, जोते दुरुस्त करा, खिडकी मोठी करा, आणि बाहेर योग्य जागी संडास-न्हाणी बांधा. कर्जाची रक्कम निम्म्याच्या खाली येते. पाहुणे आले नाहीत तर मांगर पुन्हा मांगर म्हणून उपयोगी पडतो. स्लॅबच्या तीन रिकाम्या खोल्यांचा हप्ता मात्र चुकत नाही.

वेळासने काय केले

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास हे गाव नाना फडणवीसांचे म्हणून ठाऊक होते. आता ते कासवांसाठी ओळखले जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायचे काम गावकऱ्यांबरोबर सुरू केले, आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला शहरातून माणसे येऊ लागली. त्यांच्यासाठी किनाऱ्यावर हॉटेल उभे राहिले नाही. ती गावकऱ्यांच्याच घरांत राहतात, घरचेच जेवतात. भाड्याचा पैसा घरातल्या बाईच्या हाती पडतो, आणि किनारा काळोखा राहतो.

या काळोखाला मोठा अर्थ आहे. अंड्यातून निघालेले पिल्लू जिकडे उजेड दिसेल तिकडे चालते. निसर्गात तो उजेड समुद्राच्या बाजूला असतो. किनाऱ्यावर खोल्यांचे दिवे झगमगले की पिल्लू उलटे जमिनीकडे येते आणि मरते. वेंगुर्ल्यातल्या वायंगणीसह आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यांवरही ही कासवे अंडी घालायला येतात. तेव्हा समुद्राकडे तोंड करून लावलेला मोठा दिवा ही शोभा नव्हे. दिवा लावायचा तर खाली वाकवलेला, मंद आणि झाकलेला असावा.

ग्रामपंचायतीचे काम

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले ग्रामसेवक; २०२४ साली पदाचे नाव बदलले) यांना या विषयात बरेच करता येते. खोल्यांची नोंद ठेवून घरपट्टी आकारली की काम संपले, असे नाही.

किनाऱ्यालगत जोते घालण्याआधी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे ‘सीआरझेड’ची, चौकशी केलीच पाहिजे. हे नियम प्रथम १९९१ साली आले, २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये बदलले. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून, लोकसंख्येच्या घनतेप्रमाणे, ५० किंवा २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र ठरवला आहे. पण त्याच अधिसूचनेत स्थानिकांना आपल्या असलेल्या घरात, जोते, रचना आणि दर्शनी भाग न बदलता, पाहुणे ठेवायची मुभा आहे. म्हणजे कायद्याचेही झुकते माप जुन्या घराकडेच आहे. आपले घर कोणत्या पट्ट्यात येते हे दलालाला विचारू नका, सरकारी किनारा नकाशावर पाहून घ्या.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. त्याशिवाय पर्यटन खात्याची ‘निवास व न्याहारी’ योजना जुनीच आहे. आणि २०२३ पासून केंद्र सरकारने ‘स्वच्छता ग्रीन लीफ’ नावाची श्रेणी सुरू केली आहे. मैला, सांडपाणी आणि कचरा या तीन गोष्टी बघून राहण्याच्या जागेला एक, तीन किंवा पाच पाने मिळतात. पेंटरने रंगवलेल्या ‘इको’पेक्षा असे एक पान जास्त बोलके. पाहुण्यानेही खोली ठरवताना ते विचारावे.

कचऱ्याचे काय, हा बाईंचा चौथा प्रश्न. राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे, देशात एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर २०२२ पासून बंदी आहे. तरी माडाच्या मुळात पाण्याच्या बाटल्या जळताना दिसतात. ओला कचरा खतात जातो. बाटल्या-पिशव्या महिन्यातून एकदा गोळा करून भंगारवाल्याला द्यायची व्यवस्था वाडीनेच मिळून केली पाहिजे. खोलीत तांब्या-भांडे आणि उकळून गार केलेले पाणी ठेवले तर निम्म्या बाटल्या येणारच नाहीत. अर्थात त्यासाठी विहिरीवर भरवसा हवा.

सार्वजनिक विहिरींची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. पाहुण्यांना पाणी देणाऱ्या खासगी विहिरी मात्र या पाहणीतून सुटतात. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशा विहिरींचे पाणी तपासायचे, असा ठराव ग्रामसभेत व्हायला हरकत नाही. बाटलीचा खर्च खोलीवाल्याने द्यावा, तो त्याला जड नाही.

खोली ठरवताना विचारायचे सहा प्रश्न

हे प्रश्न कापून ठेवा. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना पाठवा, आणि स्वतःच्या खोलीलाही लावून बघा.

१. विहिरीचे पाणी शेवटचे केव्हा तपासले, आणि मे महिन्यात किती राहते?

२. संडासाचा खड्डा विहिरीपासून किती फुटांवर आहे, वरच्या अंगाला की खालच्या?

३. न्हाणीचे पाणी बागेत जाते की रस्त्यावर?

४. एसी नसताना रात्री झोप लागते का?

५. प्लास्टिकचा कचरा कोण नेतो? की जाळतात?

६. जेवणातले तांदूळ, भाजी, मासळी कोठली? खोलीचा पैसा गावात किती राहतो?

सहापैकी चारांची उत्तरे सरळ मिळाली तर खोली चांगली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर बाकी पाच बरोबर असूनही उपयोग नाही.

त्या बागायतदाराचे पुढे काय झाले

वरच्या अंगाचा संडास त्यांनी बंद केला. टाकी उपसून मातीने भरली. विहिरीच्या खालच्या बाजूला, सत्तर फूट मोजून, दोन खड्ड्यांचा नवा संडास बांधला. विहीर पूर्ण उपसली, ग्रामपंचायतीकडून टीसीएल पावडर घेऊन जलसुरक्षकाच्या देखरेखीखाली टाकली, आणि महिन्याच्या अंतराने दोनदा पाणी तपासले. दोन्ही वेळा बाटली काळी पडली नाही. तोपर्यंत घरातले सगळे पाणी उकळून पीत होते. वर्षभर अधूनमधून नातवाचे पोट का बिघडत होते, याचा उलगडा तेव्हा झाल्याचे ते सांगतात.

आणखी दोन स्लॅबच्या खोल्यांसाठी बँकेत दिलेला अर्ज त्यांनी मागे घेतला. मांगराचे वासे बदलले, कौले परतली, पडवीला तट्ट्या लावल्या. पाहुण्यांनी आता ही खोली आधी मागावी आणि स्लॅबची नंतर, असे त्यांना वाटते. हंगाम संपल्यावर कळेल.

‘इको कॉटेज’ची पाटी अजून आहे. तिच्याखाली शाळेतली एक जुनी पाटी टांगली आहे. तिच्यावर खडूने विहिरीचे पाणी तपासल्याची तारीख लिहिलेली असते. पुण्याच्या त्या बाई पुन्हा आलेल्या नाहीत. कदाचित येणारही नाहीत. पण सकाळी कळशी घेऊन विहिरीवर जाणारी म्हातारी आई तारीख जुनी झाली की मुलाला आठवण करते. तपासणीची खरी गरज कोणाला होती, ते तिने पहिल्या दिवशीच सांगितले होते.